उशाखालची पुडी : रुग्णालय, रुग्ण आणि व्यसन

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेला एखादा चाळिशीतील माणूस रात्री रुग्णालयात दाखल होतो. मांडीचे हाड मोडलेले असते, शुद्ध मात्र पूर्ण असते. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून किडे चालताना दिसतात, गावाकडची माणसे हाका मारताना ऐकू येतात आणि वजन लावलेला पाय ओढून तो खाटेवरून उतरू पाहतो. शेजारचे रुग्ण घाबरतात. 'डोक्याला मार लागला असावा' असे कोणी म्हणते. 'बाहेरची बाधा' असाही तर्क होतो. खरे कारण निराळेच असते. पंधरा वर्षे रोज घेतली जाणारी दारू अपघाताच्या क्षणी बंद झालेली असते, आणि दाखल होताना त्याविषयी त्याला कोणी विचारलेले नसते. विचारले असले तरी खरे सांगण्याचे धैर्य त्याला झालेले नसते.

कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिव्यंग वा शल्यचिकित्सा कक्षात घडू शकेल असा हा प्रसंग आहे. याच प्रसंगाची दुसरी बाजू अशी, की तिसरी रात्र उजाडण्यापूर्वीच एखादा कनवाळू नातेवाईक डब्याबरोबर एक बाटली आणून देतो. कंप थांबतो, रुग्ण शांत झोपतो. परंतु सकाळी परिचारिकेला उशाखाली बाटली सापडते. अशा वेळी रुग्णालयाने काय करावे? रुग्णाला घालवून द्यावे, पोलिसांना बोलवावे, काणाडोळा करावा, की उपचारात बदल करावा? प्रश्न शिस्तीचा वाटला तरी त्याचे उत्तर प्रथम वैद्यकशास्त्रात शोधावे लागते.

रत्नागिरीचा वारसा

या प्रश्नाचा विचार करण्यास रत्नागिरीइतके समर्पक ठिकाण क्वचितच आढळेल. येथील मनोरुग्णालयाची स्थापना १८८६ साली झाली. ठाणे, पुणे (येरवडा) आणि नागपूर येथील रुग्णालयांसह राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. त्याच्या मंजूर खाटा ३६५ आहेत. शहरात जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मनाचे आजार व शरीराचे आजार या दोहोंवर एकाच गावात उपचार करणाऱ्या अशा संस्था असल्या म्हणजे दोहोंच्या सीमेवर उभ्या असलेल्या व्यसनी रुग्णाची गाठ या ना त्या दाराशी पडणारच.

व्यसन आणि रुग्णालय यांच्या संबंधाचा एक जुना धडाही स्मरणीय आहे. गांजामुळे वेड लागते काय, याची चौकशी करण्यासाठी १८९३ मध्ये तत्कालीन सरकारने एक आयोग नेमला. त्या आयोगाने देशभरातील वेड्यांच्या इस्पितळांतील १८९२ सालच्या नोंदी तपासल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ जणांच्या कागदावर आजाराचे कारण म्हणून गांजा-भांगेसारख्या पदार्थांची नोंद होती. प्रत्येक प्रकरणाची फेरचौकशी करता हा आकडा ९८ वर आला आणि अन्य कोणतेही कारण नसलेली प्रकरणे अवघी ६१ उरली. अनेकदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाने ऐकीव माहितीवर भरलेला रकानाच पुढे रोगनिदान म्हणून चालत राहिला होता. 'व्यसनी' ही चिठ्ठी एकदा कपाळी चिकटली, की खरे कारण शोधण्याची वृत्ती मंदावते, हा या चौकशीचा धडा सव्वाशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही. दारूचा वास येणाऱ्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो, त्याची साखर उतरलेली असू शकते. वास म्हणजे निदान नव्हे.

शरीर काय मागते ?

रुग्णालयात असतानाही रुग्ण दारू, तंबाखू वा अन्य पदार्थ का घेतो, याची उत्तरे बहुधा साधी असतात. पहिले कारण, पदार्थ बंद झाल्याने होणारा त्रास. दुसरे, वेदनेवर पुरेसे औषध न मिळणे. तिसरे, भय, एकटेपणा आणि रिकामा वेळ. मौज किंवा उद्दामपणा हे कारण क्वचितच आढळते.

दारू मेंदूच्या चेतातंतूंचे कार्य मंदावते. ती रोज मिळू लागली म्हणजे मेंदू त्या मंदपणावर मात करण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून घेतो. ओहोटीच्या ओढीविरुद्ध जोराने वल्ही मारणाऱ्या होडीखालची ओढ एकाएकी नाहीशी व्हावी आणि होडी त्याच जोराने खडकाकडे धावावी, तसे दारू अचानक बंद झाल्यावर मेंदूचे होते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना 'डेलिरियम ट्रेमेन्स' नावाची अवस्था येते. तीत भास होतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो, नाडी वेगाने धावते. उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी राहते. इच्छाशक्तीने रोखता येईल अशी ही गोष्ट नव्हे.

यावरील उपाय कठीण नाहीत आणि महागही नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत दुर्बल असल्यास लोराझेपाम यांसारखी औषधे लक्षणांच्या प्रमाणात देऊन ती काही दिवसांत क्रमाने उतरविली जातात. त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचून दिले जाते. सतत मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरात त्याचा साठा जवळजवळ संपलेला असतो. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढविल्यास मेंदूला कायमची इजा पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून थायमिन आधी वा निदान ग्लुकोजबरोबर द्यावे, असा संकेत आहे.

अफू, हेरॉइन किंवा 'गर्द' यांची सवय असलेल्या रुग्णाचा त्रास निराळा असतो. अंगदुखी, जुलाब, जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी अशी त्याची लक्षणे असतात. हा त्रास सहसा प्राणावर बेतत नाही. परंतु तो इतका असह्य असतो, की रुग्ण उपचार अर्धवट टाकून पळ काढतो. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने तो आटोक्यात येतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक कमी द्यावे, अशी एक समजूत आढळते. वास्तविक त्याच्या शरीराला सवय झालेली असल्यामुळे त्याला नेहमीपेक्षा अधिक मात्रा लागू शकते. वेदनेने तळमळणारा रुग्ण बाहेरून पुडी मागवितो, तेव्हा दोष सर्वस्वी त्याचा नसतो.

मशेरी व्यसनात मोडते काय ?

कोकणातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणारा व्यसनाचा पदार्थ तंबाखू हा आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होते. ओढणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के, तर न ओढता खाण्या-लावण्याच्या तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. याचा अर्थ असा, की 'धूम्रपान करता काय ?' एवढ्याच प्रश्नावर थांबणारी नोंद बहुसंख्य तंबाखू वापरणाऱ्यांना वगळून जाते.

मशेरीची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. भाजून पूड केलेली ही तंबाखू दातांना लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन मानीतच नाहीत. 'काही व्यसन आहे का ?' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतात आणि दुसऱ्या दिवशी मशेरीवाचून डोके दुखू लागले, चिडचिड वाढली, म्हणजे नातीकडून गुपचूप डबी मागवितात. म्हणून प्रश्न पदार्थाचे नाव घेऊन विचारला पाहिजे : मशेरी लावता का, पान-तंबाखू खाता का, विडी ओढता का ? उत्तर होकारार्थी आल्यास निकोटिनची चिकटपट्टी वा चघळण्याची गोळी देऊन ही तल्लफ शमविता येते. हे केवळ सोयीसाठी नव्हे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि तंबाखू सुरूच राहिल्यास जखम भरण्यास व हाड जुळण्यास विलंब लागतो.

मनोरुग्णालयात तंबाखूचा विचार आणखी एका कारणाने करावा लागतो. विडी-सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत क्लोझापिनसारखी औषधे अधिक वेगाने नष्ट करते. दाखल झाल्यावर धूम्रपान एकाएकी थांबले, की तीच मात्रा रक्तात अधिक साचते आणि गुंगी, आकडी यांसारखे दुष्परिणाम दिसू लागतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे चिकटपट्टी दिली तरी औषधाच्या मात्रेचा फेरविचार करावाच लागतो. रुग्ण विडी ओढतो की नाही, हे समजल्यावाचून त्याचे औषधही नेमके ठरविता येत नाही.

बाटली सापडली तर

दाखल रुग्णाने पदार्थ घेतल्याचे आढळल्यास पहिले काम चौकशीचे नसून तपासणीचे आहे. श्वास, नाडी, शुद्ध व रक्तदाब पाहावा. गुंगी आणणारी पुढील मात्रा लगेच देऊ नये. कारण दारू आणि झोपेची वा वेदनाशामक औषधे एकत्र आली, की श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. रुग्णाने काय घेतले हे त्याने निर्भयपणे सांगणे, हा या क्षणी त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. रागावलेल्या माणसाला कोणी खरे सांगत नाही.

दुसरे काम कारण शोधण्याचे. कंप सुटला म्हणून घेतली, तर औषधाची मात्रा अपुरी पडली. वेदनेसाठी घेतली, तर वेदनाशामक अपुरे पडले. रात्रीच्या एकाकीपणामुळे घेतली, तर समुपदेशकाची गरज आहे. प्रत्येक कारणाला उपचारात उत्तर आहे.

तिसरे काम कक्षाच्या सुरक्षिततेचे. शेजारच्या खाटांवरील रुग्णांना उपद्रव होऊ नये, परिचारिकांवर हात उगारला जाऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावी. अमली पदार्थ सापडल्यास कर्मचाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवू नये अथवा परस्पर फेकून देऊ नये. साक्षीदारांसमक्ष नोंद करून तो वरिष्ठांच्या स्वाधीन करावा आणि पुढील कार्यवाही कायद्यानुसार व्हावी. पदार्थाच्या गरजेने पछाडलेला रुग्ण आणि कक्षात येऊन तो विकणारा इसम यांत भेद करणे अगत्याचे आहे.

आणि रुग्णाला घालवून देणे ? रुग्णालयाच्या हाती असलेला हा सर्वांत सोपा व सर्वांत घातक उपाय होय. अर्धवट उपचार घेऊन गेलेल्या रुग्णाची जखम चिघळते, आकडी वाटेत येते. हेरॉइनची सवय असलेल्याच्या बाबतीत धोका आणखी गंभीर असतो. रुग्णालयातील दोन आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडताच त्याने जुनीच मात्रा घेतली, तर ती मारक ठरू शकते.

कायदा काय सांगतो ?

पुष्कळ रुग्ण व्यसन लपवितात ते कायद्याच्या भीतीने. ही भीती बव्हंशी अपुऱ्या माहितीतून आलेली आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्यात सेवन हा गुन्हा असला, तरी त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आपणहून शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस सेवनाच्या व अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यांसाठी खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. मात्र उपचार पूर्ण करणे ही त्याची अट आहे.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाधीन रुग्णांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालये वा शुश्रूषागृहे उघडण्याची तरतूद केली होती. त्याची जागा घेणारा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. परिणामी अशा रुग्णालाही उपचाराचा, सन्मानाचा आणि गोपनीयतेचा हक्क लाभला आहे. साखळदंडाने बांधण्यास व एकांतात कोंडण्यास या कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. शारीरिक बंधन घालावयाचे, तर तत्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग उरलेला नसावा, मानसोपचारतज्ज्ञाची अनुमती असावी आणि त्याची कारणे नोंदलेली असावीत, असे बंधन आहे. तिसऱ्या रात्री खाटेवरून उतरू पाहणाऱ्या रुग्णाचे हातपाय बांधून ठेवणे हा उपचार नव्हे. बांधलेल्या अवस्थेत तो अधिकच झुंजतो, अधिक थकतो.

तंबाखूपुरते सांगावयाचे, तर २००३ च्या कायद्यानुसार व २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनुसार रुग्णालय हे धूम्रपानास बंदी असलेले सार्वजनिक ठिकाण आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे. बंदी योग्यच आहे. परंतु बंदीने वस्तू दूर होते, तल्लफ दूर होत नाही. ती शमविण्याची व्यवस्था नसेल, तर रुग्ण सलाइनची बाटली हाती धरून फाटकाबाहेरच्या टपरीपाशी जाऊन उभा राहतो.

येरवड्याचा अनुभव, परदेशातील वाटा

व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९८० नंतरच्या दशकात 'गर्द'ची साथ शहरांत पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. डॉ. अनिता अवचट या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राचा आरंभही त्याच रुग्णालयाच्या आवारात झाला. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्या रुग्णाला आधार द्यावा आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यावे, ही त्या कार्याची वैशिष्ट्ये होत.

परदेशात काही रुग्णालये याहून पुढे गेली आहेत. कॅनडातील एडमंटन येथील रॉयल अलेक्झांड्रा रुग्णालयाने २०१८ मध्ये, टोचून घेण्याच्या पदार्थांची सवय असलेल्या आंतररुग्णांसाठी परिचारिकांच्या देखरेखीखालील स्वतंत्र जागा सुरू केली. स्वच्छतागृहात एकट्याने सुई टोचून रुग्ण मरण पावू नये, हा तिचा हेतू. तेथील परिस्थिती निराळी व तेथील कायदाही निराळा. आपल्याकडे मुख्य प्रश्न दारूचा आणि तंबाखूचा आहे. मात्र रुग्णाला दाराबाहेर लोटण्याऐवजी त्याला जिवंत ठेवून उपचाराशी जोडून घ्यावे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

नातेवाइकांचा वाटा

आपल्या रुग्णालयांचे एक वैशिष्ट्य असे, की रुग्णाच्या उशापायथ्याशी घरचे माणूस असतेच. पत्नी, आई, भाऊ वा मुंबईहून धावत आलेला चाकरमानी मुलगा रात्रंदिवस तेथे बसून असतो. बाटली आत येते ती बहुधा याच प्रेमळ हातांनी, आणि खरी माहिती मिळते तीही याच मुखातून. 'थोडी घेतली तर झोप लागेल, हो' असे म्हणणाऱ्या आईला दटावण्यापेक्षा तिला दोन गोष्टी सांगाव्यात : झोपेचे औषध येथेच मिळणार आहे, आणि ते व दारू एकत्र झाली तर श्वास थांबू शकतो. कारण समजल्यावर बहुतेक नातेवाईक स्वतःच पहारेकरी होतात.

दाखल होताना विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत : काय घेता, किती घेता, रोज घेता काय, आणि शेवटचे केव्हा घेतले ? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण धोक्याचे घड्याळ तेथून सुरू होते. हे प्रश्न शक्यतो एकांतात आणि प्रत्येकाला विचारावेत, म्हणजे कोणालाही आपणच वेगळे काढले गेलो असे वाटणार नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसून आले, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांतील पुष्कळजण व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कधी चढणार नाहीत. परंतु मोडलेला पाय, पोटातील दुखणे, क्षय किंवा सर्पदंश यांच्या निमित्ताने ते कधी ना कधी रुग्णालयात येतीलच. तेथे घालविलेले आठ-दहा दिवस ही त्यांच्या आयुष्यातील दुर्मीळ संधी असते. शरीर पदार्थावाचून राहू शकते, हे त्यांनी त्या दिवसांत अनुभवलेले असते. घरी सोडताना हाती दिल्या जाणाऱ्या कागदावर हाडाच्या तपासणीच्या तारखेखाली मानसोपचार विभागात येण्याची तारीखही लिहिली, तर त्या संधीचे चीज होईल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकही त्या कागदावर असावेत.

उशाखालची बाटली ही शिस्तभंगाची खूण खरी. परंतु त्याहून अधिक ती एका न विचारलेल्या प्रश्नाची आणि न दिलेल्या औषधाची खूण आहे. रुग्णाने आपले व्यसन लपवू नये, नातेवाइकांनी ते पुरवू नये आणि रुग्णालयाने त्यापायी रुग्णाला अव्हेरू नये, हे तिन्ही एकत्र आले, तर महामार्गावरून आलेला तो माणूस तिसरी रात्र शांतपणे पार करील आणि आपल्या पायांनी घरी जाईल.